एका बरणीचे तीन वाटेकरी

— हो, हो, उपाशीच आहेत. तुम्ही पुन्हा विचारता आहात आणि मी पुन्हा तेच सांगेन, कारण खरं उत्तर एकच असतं; जास्त वेळा विचारल्याने ते बदलत नाही. काल रात्री जेवले, त्यानंतर फक्त पाणी. आणि नीट ऐका — ‘खाल्लं नसेल’ असं मी म्हणत नाही, ‘खाऊच शकत नाहीत’ असं म्हणते. दोन्ही वाक्यांत किती अंतर आहे ते तुमच्या लक्षात यावं. मी शाळेत गणित शिकवत असे, शब्द जपून वापरायची सवय आहे. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. या खुर्चीवर बसा, पिशवी खाली ठेवा. बाबा आत सदरा बदलताहेत. रक्त द्यायचं म्हणजे त्यांना इस्त्रीचा सदरा लागतो — माणूस आपल्या घरी येऊन आपल्याकडून काही घेऊन जाणार, तर आपण नीटनेटकं दिसायला हवं, असं त्यांचं मत. — काय हो बाबा? — निळा! निळा घाला, त्याची बाही वर सरकते! — ऐकू कमी येतं त्यांना. म्हणजे असं, की ‘औषध’ हा शब्द अजिबात ऐकू येत नाही आणि ‘जॅम’ हा शब्द कुजबुजला तरी दोन भिंतींपलीकडून ऐकू जातो. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, निर्दोष निघाले. दोष कानात नाही, स्वभावात आहे. वडील आहेत, म्हणून एवढंच म्हणते.

तुम्हाला घाई आहे का? नाही ना? मग सांगतेच, कारण तुमच्या चेहऱ्यावर शंका आहे, आणि मनात शंका घेऊन तुम्ही माझ्या वडिलांना सुई टोचलेली मला चालणार नाही. मागच्या तपासणीला तुम्ही नव्हतात, तुमच्यातला दुसरा कुणी आला होता, मिशीवाला. त्या वेळी साखर इतकी निघाली की तुमच्या प्रयोगशाळेतून फोन आला — नळीत रक्तच होतं ना, असं विचारायला. मग मधला तावातावाने आला. मधला म्हणजे माझा भाऊ, दातांचा डॉक्टर. दारातच म्हणाला, “ताई, पुढच्या तपासणीत आकडा खाली आला नाही तर बाबांना मी माझ्याकडे नेतो. तुला जमत नाही.” मला जमत नाही! ज्या बाईने वर्गच्या वर्ग नुसत्या नजरेने गप्प केले तिला एक म्हातारा माणूस आणि एक बरणी जमत नाही! जे बोलायचं ते मी देवापुढे जाऊन बोलले. — मधल्याचं घर चांगलं आहे, तसं काही नाही. स्वच्छ आहे. जेवून झालं की सगळे रांगेने दात घासतात आणि झोपायला जातात. कुणी कुणाशी बोलत नाही, कारण तोंडात पेस्ट असते. बाबा तिथे सुकून जातील. आणि इथे — इथे काय, इथे शांतता होईल. शांतता मला आवडते. प्रार्थनेला बरी पडते. — तर आजची नळी महत्त्वाची आहे, एवढंच मला म्हणायचं होतं.

आता तुम्ही विचाराल, घरात जॅम ठेवताच कशाला? — विचारलं नाहीत, पण विचारणार होतात. डॉक्टरांनी रविवारी एक चमचा दिला आहे. तो एक चमचा जर काढून घेतला तर बाबा औषधाच्या गोळ्या गालात ठेवतात आणि मग कुंडीत टाकतात. त्या कुंडीतलं झाड अतिशय निरोगी आहे. म्हणून बरणी हवी. आणि बरणी हवी म्हणून कुलूप हवं. आधी साधं कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला. — हसू नका. तुम्ही बाबांना ओळखत नाही. त्यांनी आयुष्यभर विमा विकला. धडधाकट माणसासमोर बसायचे, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचे, आणि थोड्या वेळाने तो माणूस स्वतःच्या मरणाच्या आनंदात सही करून मोकळा व्हायचा. असा माणूस स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहतो, काही मागत नाही, फक्त म्हणतो, “राहू दे गं, तू कामात आहेस.” आता यावर काय करणार? तुम्ही काय केलं असतं? — मी दिला असं मी म्हणत नाही. बरणी उघडली गेली, असं म्हणते. मधल्याकडे किल्ली दिली तर बाबांनी त्याच्या बोटांची तारीफ केली — अशी हलक्या हाताची बोटं देव प्रत्येकाला देत नाही म्हणाले — आणि तो डॉक्टर माणूस, पदवीधर, विरघळला. धाकट्याकडे दिली, तो बस चालवतो, मनाने लोणी आहे, त्याने मागायच्या आधीच दिला आणि स्वतःही खाल्ला. म्हणजे एकटा कुणी भरवशाचा नाही. दोघं दोघं पहारा करू म्हटलं, तर बाबांनी दोघांना एकदम विरघळवलं. तिघं एकत्र असलो की मात्र आम्हाला एकमेकांची लाज वाटते. लाज ही मोठी गोष्ट आहे. लोक हल्ली तिला कमी लेखतात.

म्हणून मी ही व्यवस्था केली. विचार माझा नव्हे, विद्येचा आहे, पण घरात मी आणली. बाबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला आकड्यांचं कुलूप लावलं — तीन चाकं, प्रत्येकावर शून्य ते नऊ. त्यांच्याच खोलीत, हो. मोह डोळ्यांसमोर असावा आणि हाताबाहेर असावा, त्यातच संयमाचं शिक्षण आहे. मग जुन्या सदऱ्यांची दहा बटणं घेतली, त्यांच्यावर आकडे लिहिले, डब्यात टाकली, आणि प्रत्येकाने डोळे मिटून तीनदा बटण काढायचं — काढायचं, बघायचं, परत टाकायचं. झाला प्रत्येकाचा तीन आकडी वाटा. तो ज्याचा त्याच्या डोक्यात. लिहायचा नाही, बोलायचा नाही. आता कुलूप. चाकं आधी तीन शून्यांवर. त्यावर रुमाल टाकायचा. एकाने आत जायचं, रुमालाखाली हात घालून पहिलं चाक आपल्या पहिल्या आकड्याइतकं पुढे ढकलायचं — टक, टक, टक असा आवाज येतो, मोजत जायचं — मग दुसरं, मग तिसरं, आणि बाहेर. मग दुसऱ्याने जायचं आणि चाक जिथे असेल तिथून पुढे आपल्याइतकं ढकलायचं. मग तिसऱ्याने. नवाच्या पुढे गेलं की चाक आपोआप शून्यावर येतं. हातचा धरायचीही गरज नाही, चाकच तो सोडून देतं. तिघांची बेरीज जिथे येऊन थांबली तोच कुलपाचा आकडा ठरवून टाकला. कोण आधी, कोण नंतर, याने काही बिघडत नाही. आणि ठरवला तेव्हा तो आकडा मला माहीत नव्हता. मधल्याला माहीत नव्हता. धाकट्याला माहीत नव्हता. घरात असं गुपित होतं की जे घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं! देव सोडून. आणि देव बाबांना सांगणार नाही, कारण त्याला मी रोज सकाळी विनंती करते.

पुढे काय झालं ऐका. धाकटा रडवेला झाला. म्हणाला, “ताई, माझ्या डोक्यात थांबे असतात गं, आकडे राहत नाहीत. मला एकच आकडा दे. मी फक्त शेवटचं चाक फिरवीन, पहिली दोन तुम्ही फिरवा.” आणि बाबा लगेच म्हणाले, “बरोबर आहे. पोराच्या डोक्यावर केवढं ओझं. एक आकडा पुष्कळ झाला.” — पुष्कळ झाला म्हणे! त्यांचा हिशेब मला तेव्हाच कळला. तुम्हाला कळला का? नाही कळला. कळू नये असाच आहे, माणूस त्यात दया म्हणून फसतो. पाहा — धाकट्याचा वाटा एकच आकडा, शेवटच्या चाकापुरता. समजा मी आणि मधला दोघं एकदम विरघळलो. मग पहिली दोन चाकं आम्हा दोघांनाच बरोबर लावता येतात आणि उरतं एक चाक; त्यावर जागा दहा. धाकटा लागतोच कशाला? दहा वेळा ओढून पाहायचं, दहाव्याला नाहीतर आधीच, उघडलं. म्हणजे गुपित धाकट्याच्या वाट्याएवढं लहान झालं. हे नीट लक्षात ठेवा, घरी उपयोगी पडेल: बाकीच्यांना जराही सुगावा लागायला नको असेल, तर कुणाचाही वाटा गुपिताहून लहान करता येत नाही. गुपित तीन आकडी, तर प्रत्येकाचा वाटा निदान तीन आकडी. धाकटा म्हणाला, “मग दोन?” मी म्हटलं, नाही. म्हणाला, “दीड?” दीड आकडा! आता दीड आकडा म्हणजे काय, हे त्यालाही माहीत नव्हतं, पण घासाघीस करायची सवय. मी म्हटलं, बाबा रे, तू धाकटा आहेस, मनाने साधा आहेस, तुझ्यासाठी मी सदऱ्याची बाही लहान करून देईन, पण वाटा लहान करता येणार नाही. माझ्या हातात असतं तर केला असता. हा नियम मी केलेला नाही. ज्याने दोन आणि दोन चार केले त्याने हाही केला, आणि तो कुणाच्या रडण्याने बदलत नाही. शेवटी तो पाठ करून शिकला. गाडी चालवताना म्हणत असतो. प्रवाशांना वाटतं भाडं वाढलं.

आणि मधला? मधल्याचं उलटं. त्याला मोठा वाटा हवा. “मी शिकलेला आहे, मला सहा आकडी दे.” मी म्हटलं, घे बारा आकडी; चाकं तीनच आहेत, उरलेले आकडे तू दात मोजायला वापर. वाटा गुपिताहून मोठा असला तर कुणाचं नुकसान नाही, फक्त वाहणाऱ्याला ओझं. बरेच लोक असंच वाहत असतात. — नाही, तुम्हाला उद्देशून नाही, तुमची पिशवी कामाची आहे.

ऐकलंत? गुणगुणताहेत. सदरा मनासारखा झाला की गुणगुणतात. चांगलं लक्षण आहे. — बाबा, बटणं वरपासून लावा हो! — ही बटणं त्यांना बराच वेळ पुरतात, सावकाश लावतात, आपल्याला वेळ आहे.

तर या व्यवस्थेपासून बरणी फक्त रविवारी उघडते. तिघं जमल्याशिवाय इलाज नाही ना. पूर्वी धाकटा आठवण झाली की यायचा, म्हणजे यायचाच नाही. मधला नुसता फोन करायचा, तोही मी जेवत असताना. आता दर रविवारी दोघं हजर. एक चमचा जॅमसाठी चार माणसं टेबलाभोवती. आधी रुमालाचा कार्यक्रम, मग चमचा, मग उगाच बसून राहतात, काहीबाही बोलतात, भांडतात, चहा करावा लागतो. मला त्रासच होतो. — त्याच्यासाठी केलं असं नव्हे. तुम्ही असं का बघता? मी साखरेसाठी केलं. साखर खाली आली पाहिजे, बाकी सगळं आपोआप.

पण माणसांना शहाणपण शिकवलं की ती त्याचं काय करतील सांगता येत नाही. मागच्या रविवारी काय उघडकीला आलं? मी दोघांना पढवून ठेवलं होतं की एकट्या वाट्यातून काहीएक कळत नाही, दोन वाट्यांतूनही काही कळत नाही, तिसरा येईपर्यंत सगळं धुकं. बरोबर आहे की नाही? बरोबरच आहे. मधल्याने यातून काय काढलं? बाबांनी त्याला म्हटलं, “तुझ्या ताईला तुझी भीती वाटते, तुझ्यावर विश्वास नाही तिचा,” तर हा छाती काढून म्हणाला, “बाबा, माझा आकडा चार-एक-नऊ. घ्या. काय कराल त्याचं? ताईनेच सिद्ध केलंय, नुसत्या त्याने काही होत नाही.” आणि धाकटा! धाकटा तेच, निराळ्या दिवशी — “बाबा, आठ-सहा-दोन, पण याचा काही उपयोग नाही हं, ताई म्हणते.” ताई म्हणते! प्रत्येकाने मनाशी म्हटलं, माझा एकट्याचा सांगितला तर काय बिघडतं. असंच बिघडतं. जगात जे जे बिघडलं आहे ते सगळं असंच, एकेकाचा वाटा एकेकाने कुणाला तरी सांगून. मी दोघांना उभं करून सुनावलं. मधल्याने कोटाची बाही चावली.

पण — आणि हे तुम्ही समजून घ्या म्हणजे तुमची शंका पूर्ण फिटेल — तरीही काहीही बिघडलेलं नाही. यालाच मी विद्या म्हणते. बाबांकडे दोन वाटे आहेत आणि तरी ते पहिल्या दिवशी जेवढे अज्ञानी होते तेवढेच आज आहेत. आधीही हजार शक्यता, आताही हजार. बिचारे बसून बेरजा करत असतील. मी तुम्हाला करूनच दाखवते, त्यात काय. मधल्याचा पहिला चार, चाक चारवर. धाकट्याचा पहिला आठ — टक टक टक — नऊच्या पुढे शून्य, एक, दोन: चाक दोनवर. इथपर्यंत बाबा येऊ शकतात. इथे अडतात. कारण पुढे माझे सात, आणि तेव्हा कुठे चाक नवावर —

सात म्हटलं का मी?

उदाहरण म्हणून म्हटलं, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं, आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर मी खोटं बोलत नाही. प्रार्थनेच्या आधीही नाही, पण नंतर तर मुळीच नाही. असो. एक आकडा गेला. तुम्ही परके आहात, तुम्हाला जॅमचं काय. आणि बाबांना ऐकू — थांबलं वाटतं गुणगुणणं. गळ्याच्या बटणाशी आले असतील, तिथे त्यांना श्वास धरावा लागतो. — घाबरू नका तुम्ही. एक गेला तरी दोन आकडे शाबूत आहेत. म्हणजे खरं तर एकच, कारण माझा मधला आकडा तर शून्य आहे, आणि शून्य म्हणजे काहीच नाही. मी सांगितलं काय? काहीच नाही. काहीच नाही हे सांगण्यात —

नाही. थांबा. मी शाळेत याच्यावर गुण कापत असे. शून्य हा आकडा आहे. नवाइतकाच आहे. दुसरं चाक माझ्याकडून हलवायचं नाही, हे कळणं म्हणजे पूर्ण एक आकडा कळणं. म्हणजे माझ्या वाट्यातले दोन आकडे बाहेर पडले. म्हणजे आता माझा वाटा — पाहा कसं होतं, विषय किती सुंदर आहे — आता माझा वाटा धाकटा मागत होता तेवढाच झाला, एका आकड्याचा. आणि ज्याचा वाटा एका आकड्याचा, त्याच्याविना पहिली दोन चाकं बसलीच. त्याच्या नावाने उरलं एक चाक, एका चाकावर जागा दहा, आणि दहा वेळा ओढून पाहायचं म्हटलं तर —

हा टक टक आवाज कसला?

बटणं असतील. सदऱ्याला बटणं असतात.

निळ्या सदऱ्याची बटणं टक वाजत नाहीत. मीच शिवली आहेत.

बाबा? — बाबा, कुठवर आलात? — बाबा!

ऐकलंत ना तुम्ही? कपाटाचं दार आहे ते. करकरतं. मी मुद्दाम तेल घातलं नव्हतं. — आणि हे झाकण. — बाबा, बाहेर या. नाही, तसेच या. सदरा छान आहे. निळा शोभतो तुम्हाला. आता माझ्याकडे बघा आणि एक शब्द बोला. कुठलाही. ‘ताई’ म्हणा. ‘नाही’ म्हणा. — मान हलवू नका, तोंड उघडा. — चमचा तरी घेतला होतात का? चमचा बाहेर टेबलावर आहे. मग कशाने? — बोटाने. या वयात. दाखवा हात. दुसरा.

तुम्ही ती सुई आत ठेवा. नळीही ठेवा. उपाशी आहेत असं मी तुम्हाला सांगितलं होतं, ते तेव्हा खरं होतं. आता ते खरं नाही, आणि खोट्यावर मी सही करत नाही. उद्या सकाळी या, याच वेळी. आणि मधल्याचा फोन तुमच्याकडे आला, येईलच, तर म्हणा — नाही, तुम्ही काही म्हणू नका. मीच सांगेन. रविवारी, तिघं असताना. नवीन वाटे काढावे लागतील.

तुम्ही अजून इथेच? दार ओढून घ्या जाताना. — बाबा, पुसा ते. गालावर. नाही, इकडच्या. थांबा, मी पुसते.